नवसासाठी उगवलेले केस

विघ्नहर्त्या श्रीगणेशाला, आरोग्यदात्या श्रीधन्वंतरीला आणि सोलापूर नगरीचे रक्षण करणाऱ्या श्रीसिद्धरामेश्वराला प्रथम वंदन करतो. धन्वंतरिपूजनाच्या दिवशी आम्ही काही निवृत्त डॉक्टर एकत्र बसतो आणि एकाने आपल्या सेवाकाळातील एक प्रसंग सांगावा, असा आमचा प्रघात आहे. यंदा पाळी माझी होती. तो प्रसंग येथे लिहून काढत आहे. ज्या दोघींविषयी लिहिले आहे, त्यांची परवानगी घेतली आहे आणि नावे बदलली आहेत.

“डॉक्टर, मला केस पाहिजेत. आले की काढून टाकायचेत.”

समोरच्या खुर्चीतील बाई हे अगदी शांतपणे म्हणाल्या. मी केसपेपरवर लिहीत होतो, तो थांबलो. नाव पद्मा. वय चौतीस. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. भुवया नव्हत्या, त्या जागी पेन्सिलने दोन रेघा ओढल्या होत्या. शेजारी त्यांच्या सासूबाई नरसम्मा बसल्या होत्या. घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी.

“काढून टाकायचेत म्हणजे?” मी विचारले.

“तिरुपतीला द्यायचेत. गुंडू करायचाय.”

गुंडू म्हणजे पूर्ण मुंडण. या घरांत व्यंकटेशाला केस वाहण्याचा नवस सर्वसामान्य आहे. पुरुष करतात, बायका करतात, लहान मुलांचे तर होतेच. ज्या स्त्रियांना संपूर्ण केस देणे शक्य नसते, त्या तीन कात्र्या देतात. म्हणजे कात्रीने तीन वेळा थोडे थोडे केस कापून वाहतात. तेही देवाला चालते. पद्माचा नवस मात्र पूर्ण गुंडूचा होता.

हकिगत अशी होती. काही वर्षांपूर्वी नरसम्मांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले. मुलगा तेव्हा भिवंडीला यंत्रमागावर होता. तो पोहोचेपर्यंत थांबता येत नव्हते. संमतिपत्रावर सुनेने सही केली आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून, सासू वाचली तर आपले सगळे केस देईन, असे देवाला सांगितले. सासू वाचली. तिची तब्येत सावरेपर्यंत तिरुपतीचा प्रवास लांबणीवर पडला. त्याच काळात सुनेच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा पडला. मग दुसरा, मग तिसरा. काही महिन्यांत डोक्यावर एकही केस उरला नाही.

आपल्याकडे याला चाई म्हणतात. लोकांना वाटते की किडा लागतो. तसे काही नसते. शरीरात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या कधी कधी चुकून केसांच्या मुळांनाच परके समजतात आणि तेथे हल्ला करतात. मूळ मरत नाही, पण काम थांबवते. बहुतेकांत एक-दोन चट्टे पडतात आणि केस पुन्हा येतात. थोड्यांत संपूर्ण डोके रिकामे होते. पद्मा त्या थोड्यांपैकी होती. स्टिरॉइडची इंजेक्शने, गोळ्या, डोक्यावर मुद्दाम खाज उठवणारे लेप, सगळे करून झाले होते.

“गल्लीत लोक विचारतात, कधी गेली होतीस गुंडू करायला?” ती म्हणाली. “हो म्हटलं तर देवाच्या नावानं खोटं. न्हाय म्हटलं तर सगळी कथा सांगायला लागते.”

नरसम्मांना हे सगळे नको होते. “डॉक्टर, मी माझे केस देऊन आले की. दोन साल झाले. देवाला सून काय अन् सासू काय, एकच घर हाय. हिला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.”

“अत्तम्मा, तुमचे तुम्ही दिले,” पद्मा म्हणाली. तेलुगूत सासूला असेच म्हणतात. “माझे मी बोलले होते.”

माझे बालपण वडिलांच्या संस्कृत पाठशाळेत गेले. त्वचारोगांचा डॉक्टर झालो तरी लोक मला शास्त्री समजूनच असे प्रश्न विचारतात. मीही त्या दिवशी त्याच भूमिकेतून बोललो. जे देणे मनुष्याच्या हाती उरलेले नाही, त्याचे बंधनही उरत नाही. संकल्प शुद्ध होता, तेवढे पुरे आहे, असे मी सांगितले.

पद्माने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “देवानं मला सोडलं असेल तर देवानं सांगावं, डॉक्टर. तुम्ही औषधाचं सांगा.”

औषध होते. टोफासिटिनिब नावाची गोळी. ती संधिवातासाठी मान्य झालेली होती. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप पाठवून हल्ला चढवतात. ही गोळी तो निरोप मधेच अडवते. त्यामुळे सांध्यांवरचा हल्ला थांबतो. केसांच्या मुळांवरचा हल्लाही काही रुग्णांत थांबल्याचे दिसले होते. या कुळातील काही औषधांना पुढे चाईसाठीही मान्यता मिळाली. त्या वेळी आमच्याकडे हा वापर प्रायोगिक होता. औषधाच्या मान्य यादीत नसलेल्या आजारासाठी डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते देतो, त्याला आम्ही ऑफ-लेबल म्हणतो.

यात धोका उघड आहे. निरोप अडवला की खऱ्या शत्रूच्या वेळीही तो अडतो. क्षयरोग, कावीळ, विषाणूंचे आजार डोके वर काढू शकतात. शिवाय गोळी बंद केली की केस बहुधा पुन्हा गळतात. मी हे सगळे दोघींना सांगितले. आमच्या तेलुगू जाणणाऱ्या सिस्टरने तेच तेलुगूतही सांगितले.

नरसम्मा उठून उभ्या राहिल्या. “चल पद्मा. माझ्या जिवासाठी बोललीस, आता त्यापायी तुझा जीव घालवतीस का? हे कुठलं गणित?”

“बसा अत्तम्मा.”

“बसत न्हाय.”

“तुमच्या ऑपरेशनला मी सही केली का न्हाय? तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, टेबलावर काही पण होईल. मी केली की सही. आता साक्षीदार म्हणून तुम्ही करा.”

नरसम्मा बऱ्याच वेळाने बसल्या. सही केली नाही. विचार करते, एवढेच म्हणाल्या.

आमच्या रुग्णालयाचा नियम असा की, असा प्रायोगिक वापर करायचा तर तो आधी एथिक्स कमिटीपुढे ठेवायचा. उपचार योग्य आहे की नाही, रुग्णाला सगळे समजले आहे की नाही, हे ही समिती पाहते. समितीचे काम आमच्या मेडिकल सुपरिंटेंडेंट बघत. त्या फिजिशियन होत्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान आणि बोलण्यात स्पष्ट. बैठकीत त्यांनीच सुरुवात केली.

“सर, सरळ विचारते. एका धडधाकट बाईची प्रतिकारशक्ती दाबायची, केस उगवायचे आणि ते वस्तऱ्याने काढायचे. याला ट्रीटमेंट म्हणायचे का?”

“हीच बाई लग्न जमत नाही म्हणून केस मागायला आली असती तर?” मी विचारले.

“तर विचार केला असता.”

“का बरे?”

त्यांनी हातातील कागद पालथे केले. “कारण ते केस तिच्याजवळ राहिले असते.”

“गोळी थांबवल्यावर तेही राहिले नसते. आपण कोणत्याही रुग्णाला कायमचे केस देऊ शकत नाही. काही काळापुरते देऊ शकतो. त्या काळात त्यांचे काय करायचे, हे तिने ठरवलेले आहे.”

“मान्य. आणखी एक विचारते, राग मानू नका. या प्रिस्क्रिप्शनवर तुमच्या स्वतःच्या श्रद्धेचा हात नाही ना?”

हा प्रश्न विचारणे त्यांचे कर्तव्य होते. मी म्हणालो, “असू शकेल. म्हणूनच निर्णय एकट्याने न घेता येथे आणला.”

समितीने परवानगी दिली, पण अटी घातल्या. आधी क्षयाच्या, काविळीच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे. दर महिन्याला रक्ततपासणी. ठरावीक मुदतीनंतर औषध बंद. आणि कोणताही संसर्ग दिसला तर औषध तत्काळ थांबवण्याचा अधिकार माझ्याकडे न राहता सुपरिंटेंडेंटबाईंकडे. शेवटची अट मला विशेष पटली.

तपासण्या स्वच्छ आल्या. नरसम्मांनी सही केली. करताना सुनेला म्हणाल्या, “तुला काय झालं तर मी वर जाऊन त्या बालाजीशी भांडेन, सांगून ठेवते.”

“वर आधी मी जाणार, मग भांडायचं तुमच्यासाठी काय उरणार?”

“गप बस.”

औषध सुरू झाले. पहिले काही आठवडे काहीच घडले नाही. मग कानांच्या वर पांढरट लव दिसली. ती हळूहळू काळी झाली. भुवया आल्या. आम्ही दर भेटीत डोक्याचे फोटो काढत असू आणि किती भाग भरला याचा हिशेब मांडत असू. उन्हाळा आला तेव्हा डोक्याचा बहुतेक भाग बोटाच्या पेराएवढ्या लांब, दाट केसांनी झाकला होता. मागे, मानेच्या वर, तळहाताएवढी एक जागा तेवढी विरळ होती.

मी म्हणालो, “आता जाऊन यायला हरकत नाही.”

पद्मा म्हणाली, “मागचं भरू दे. पूर्ण बोलले होते. आणि शाळा उघडेपर्यंत मला सुट्टी कोण देतंय?”

हे खरे होते. उन्हाळाभर सोलापुरातील गणवेशांच्या कारखान्यांत श्वास घ्यायला सवड नसते. देशभरातल्या शाळा उघडण्याआधी माल पोहोचावा लागतो. त्या काळात सुपरवायझरने रजा मागणे म्हणजे नोकरी सोडण्यासारखेच. शाळा उघडल्या की जायचे, असे ठरले.

त्यानंतरच्या भेटीला ती आली नाही. सिस्टरने फोन केला. “मालाची घाई चालू हाय, पुढच्या आठवड्यात येते,” असे उत्तर आले. पुढच्या आठवड्यात नरसम्मा आल्या. सुनेला हाताला धरून, जवळजवळ ओढतच आणले होते.

“दाखव,” त्या म्हणाल्या. “दाखव म्हणते ना!”

पद्माने डाव्या कुशीवरचा पदर बाजूला केला. पाठीपासून छातीपर्यंत एक लाल पट्टा होता आणि त्यावर फोडांचे घोस. त्यावर तांबडी काव थापलेली. काव म्हणजे गेरूसारखी माती, अशा फोडांवर लावायचा जुना घरगुती उपाय. ती वाळून तडकली होती आणि तिच्याखाली पू झाला होता. अंगात ताप होता. दंडावर आणि पोटावरही सुटे फोड दिसत होते.

हा आजार म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. प्रतिकारशक्ती कमी झाली की जागा होतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. आमच्या गोळीचा हा ठाऊक असलेला साइड इफेक्ट होता. गोळी सुरू करताना पद्माला एकटीला सांगितला होता. फोड दिसताच यायचे, असे तिला बजावले होते. लवकर औषध मिळाले तर नागीण सौम्य जाते. येथे वेळ गेली होती आणि फोड पट्ट्याबाहेर अंगभर पसरू लागले होते. हे धोक्याचे लक्षण.

“कधीपासून?” मी विचारले.

पद्माने पदर पुन्हा ओढून घेतला.

“मला काल दिसलं,” नरसम्मा म्हणाल्या. “न्हाताना दार ढकललं म्हणून दिसलं. कुणाकडून तरी गुपचूप काव लावून घेतली हिनं. डॉक्टर, नागिणीची दोन्ही टोकं मिळाली की माणूस जातंय म्हणतात. कुठवर आलीया बघा की.”

“टोके मिळत नाहीत, नरसम्मा. ती शरीराच्या एकाच बाजूला राहते. मला काळजी या सुट्या फोडांची आहे.” मग मी पद्माकडे वळलो. “माहीत होते ना, लगेच यायचे म्हणून?”

“माहीत होतं,” ती म्हणाली. “आले असते तर तुम्ही गोळी बंद केली असती.”

“केलीच असती.”

“म्हणूनच न्हाय आले.”

तिला तत्काळ दाखल केले. सलाइनमधून विषाणूविरोधी औषध आणि जखमांसाठी अँटिबायोटिक सुरू झाले. सुपरिंटेंडेंटबाईंनी तपासले आणि माझ्यासमोरच केसपेपरवर गोळी बंद केल्याची नोंद केली. पद्माने कूस बदलून भिंतीकडे तोंड फिरवले. बाईंनी केसपेपर मिटला. मग म्हणाल्या, “इन्फेक्शन फुप्फुसात गेले असते तर हे केस घेऊन कुठे गेला असतात?”



रोगी वाचला की डॉक्टरचे अर्धे काम झालेले असते. ताप उतरला, फुप्फुसे स्वच्छ राहिली, नवे फोड येणे थांबले. देवाची कृपा आणि योग्य औषध, दोन्ही. पण कावेखाली झालेल्या जखमा भरायला फार वेळ लागत होता. आणि पद्माचा प्रश्न रोज एकच होता.

“केस किती दिवस राहतील?”

“सांगता येत नाही. काहींचे महिनाभरात गळू लागतात. काहींचे थोडे जास्त टिकतात.”

“मग आजच जाते. गाडीत बसून राहायचं, चालायचं कुठं आहे?”

मी नकार दिला. ओल्या फोडांतील पाण्यात विषाणू असतो. फोड अंगभर पसरलेले असले तर तो हवेतूनही जाऊ शकतो. दर्शनाच्या रांगेत लहान मुले असतात, गरोदर बायका असतात. कांजिण्या न झालेल्या माणसाला तो लागला तर त्याचे हाल होतील. सगळ्या जखमांवर कोरडी खपली धरल्याशिवाय प्रवासाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, असे मी सांगितले.

“तुम्ही देवाचं एवढं करता, रोज पूजा करता,” ती म्हणाली. तिचा आवाज प्रथमच चढला. “आणि तुम्हीच मला अडवता?”

“तुझ्या नवसाचा त्रास दुसऱ्याच्या बाळाला होऊ देणार नाही. देवालाही ते नको असेल असे मला वाटते. पण ते राहू दे. डॉक्टर म्हणून सांगतो, जाऊ देणार नाही.”

ती रडली नाही. डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने हात फिरवणेही थांबवले, केस सुटतील या भीतीने.

डिस्चार्जनंतर ती ड्रेसिंगसाठी ओपीडीत येत राहिली. एके दिवशी दोघी आल्या तेव्हा नरसम्मांच्या हातात पांढऱ्या रुमालाची लहानशी पुरचुंडी होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर उघडली. आत आखूड काळे केस होते. उशीवरून, कंगव्यातून, न्हाणीतून एक एक करून वेचलेले.

“गळायला लागले,” त्या म्हणाल्या. “मी म्हणते, हेच न्हेऊन देऊ. तिचेच हायत की. ऐकत न्हाय.”

“खाली पडलेलं फूल देवाला वाहतात का, अत्तम्मा?” पद्मा म्हणाली.

“पारिजातकाचं चालतंय की! सगळी जणं खालचंच वेचून वाहतात.”

“माझं डोकं म्हणजे पारिजातक न्हाय.”

सिस्टर हसली. मलाही हसू आले. पद्मालाही आले असावे, पण तिने दाबले.

“बरं, मग तीन कात्र्या दे,” नरसम्मा म्हणाल्या. “तीन कात्र्यांपुरते हायत अजून. डॉक्टर, तुमी सांगा की हिला. चालतंय म्हणून सांगा.”

मी या वेळी शास्त्र्याच्या भूमिकेत गेलो नाही. “चालते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे,” एवढेच बोललो आणि जखमा पाहिल्या. दोन जागा अजून ओल्या होत्या.

“अजून थांबावे लागेल.”

पद्माने मान हलवली. या वेळी वाद घातला नाही. रुमालाची पुरचुंडी तिने स्वतःच बांधली आणि सासूच्या पिशवीत ठेवली.

त्यानंतरच्या भेटीत जखमा कोरड्या होत्या. एकेक खपली बोटाने तपासली. प्रवासास हरकत नाही, असे प्रमाणपत्र लिहिले. तोपर्यंत डोक्यावर कपाळाच्या वर एक पट्टी, दोन्ही कानांमागचे तुकडे आणि मधे काही झुबके एवढेच उरले होते. बाकी जागा पुन्हा गुळगुळीत. जी मागची जागा भरावी म्हणून ती थांबली होती, ती तर केव्हाच रिकामी झाली होती. त्याच संध्याकाळी दोघी गाडीत बसल्या.

परत आल्यावर प्रथम नरसम्मा बोलल्या. पद्मा शेजारी बसली होती. रुमाल नव्हता. डोक्यावर चंदनाचा लेप वाळून फिकट झाला होता.

“गाडीत सगळ्या वाटेनं बोलली न्हाय ही,” नरसम्मा सांगू लागल्या. “म्हणत होती, न्हावी विचारेल, हे काय डोकं हाय, अर्धं हितं अन् अर्धं तितं? आदीच कुटं करून आलीस का? मग मी काय सांगू? मी म्हटलं, मी सांगते, तू गप बस. केस देतात त्या हॉलमधी गेलो. लई गर्दी. आमचा नंबर लागला. ही खाली बसली, मान वाकवली. मी सांगायला तोंड उघडलं, तर न्हाव्यानं माझ्याकडं बघितलं पण न्हाय. सगळ्या डोक्यावर पाणी लावलं. आन् सगळ्या डोक्यावर वस्तरा फिरवला. जितं केस व्हते तितं फिरवला, जितं न्हवते तितं बी फिरवला. कपाळापासून मानेपर्यंत. काय ठेवलं न्हाय, काय सोडलं न्हाय. मग गोविंदा म्हटला अन् पुढच्याला बसवलं.”

त्यांनी सुनेच्या डोक्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “पूर्ण झालं, डॉक्टर.”

पद्मा म्हणाली, “हो. पूर्ण झालं.”

मी डर्मोस्कोप हातात घेतला. ही एक भिंगासारखी वस्तू असते. तिने केसांची मुळे मोठी दिसतात. वस्तऱ्याने काढलेले केस आणि आपोआप गळलेले केस भिंगाखाली वेगळे ओळखू येतात. कापलेल्या केसाचा काळा ठिपका उरतो. गळलेल्याचे छिद्र रिकामे दिसते. किती भाग औषधाने राखला होता आणि किती गेला होता, याची नोंद करायची होती.

पद्माने हात पुढे करून भिंग अलगद अडवले. “डॉक्टर, आता मोजू नका की.”

मी भिंग बाजूला ठेवले. ठेवायला नको होते, असे आमचे शास्त्र सांगेल. त्या भेटीची ती नोंद माझ्याकडे नाही.

पुढे काय करता येईल, हे मी सांगितले. जखमा पूर्ण भरल्यावर, नागिणीच्या लसीचा विचार करून, वेगळे औषध कमी प्रमाणात देता येईल का, हे समितीला विचारता येईल. पद्माने ऐकून घेतले. सासूकडे पाहिले. म्हणाली, “आता कशाला? गोळी नको. केस आले तर आले.”

नरसम्मांनी पिशवीतून प्रसादाचा लाडू काढून टेबलावर ठेवला. अर्धा सुपरिंटेंडेंटबाईंना द्या, असे सांगून दोघी गेल्या.

बाईंनी लाडू खाल्ला आणि समितीकडे पाठवायच्या अहवालाचा विषय काढला. “सर, निष्कर्षात काय लिहू? यशस्वी की अयशस्वी?”

“जे झाले ते लिहा,” मी म्हणालो. “केस आले. गंभीर साइड इफेक्ट झाला. औषध थांबवले. आजार परतला. म्हणजे अयशस्वी.”

“आणि पेशंट समाधानी?”

“तो रकाना आपल्या अहवालात नाही.”

त्यांनी अयशस्वी लिहिले. मी सही केली. तो अहवाल आजही बरोबर आहे असे मला वाटते.

या प्रसंगातून मी कामाची एकच गोष्ट शिकलो आणि ती पुढे निवृत्त होईपर्यंत पाळली. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देताना धोक्याची लक्षणे केवळ रुग्णाला सांगून भागत नाही. रुग्णाला त्या औषधातून जे हवे असते, त्यासाठी तो लक्षण लपवू शकतो, आणि तो जितका निष्ठावान तितका अधिक लपवतो. म्हणून ती सूचना घरातील दुसऱ्या माणसाला, शक्यतो रुग्णावर रागावण्याचा अधिकार असलेल्या माणसाला, समोर बसवून सांगावी. पद्मा वाचली ती नरसम्मांनी न्हाणीचे दार ढकलले म्हणून. आमच्या समितीच्या अटींत ती अट नव्हती. नंतर आम्ही ती घातली.

हे वाचणाऱ्या सर्वांना भगवान धन्वंतरी दीर्घ व निरामय आयुष्य देवो. आपल्या घरात आजारपण आलेच, तर ते वेळेवर ध्यानात यावे, त्यावर योग्य औषध मिळावे, आणि रागावून हाताला धरून दवाखान्यात नेणारे माणूस आपल्या प्रत्येकाच्या उंबऱ्याआत सदैव नांदावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.